लाईट गेलीय, सहा तास झाले, टँकमधले मासे वर येताहेत. ठाण्यात कोणी जागं आहे का?

कोलशेतची_शर्वरी | रात्री ११:४८

कोणी जागं असेल तर प्लीज सांगा. मी कोलशेतला राहते. संध्याकाळी पावणेसहाला वीज कडाडली आणि त्याच क्षणी लाईट गेली ती अजून आली नाहीये, खाली रस्ता खोदून ठेवलाय, केबलचा जॉइंट जळालाय म्हणे, माणसं काम करताहेत पण वॉचमन म्हणाला सकाळ उजाडेल. घरात चार फुटी टँक आहे, पाणी साधारण अडीचशे लिटर, त्यात एक ऑस्कर, नऊ वर्षांचा, मनगटापासून कोपरापर्यंत येईल एवढा, दोन सिल्व्हर डॉलर आणि एक मोठा सकर. खाली कॅनिस्टर फिल्टर आणि बाजूला साधा एअर पंप, दोन्ही बंद. इन्व्हर्टर आहे पण बॅटरी जुनी झालीय, दहाच्या आत बसला. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टला आणि जिन्यातल्या दिव्यांना.

दहापासून ऑस्कर वर येऊन सारखं तोंड उघडझाप करतोय. सिल्व्हर डॉलर कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या कडेला चिकटल्यासारखे उभे आहेत, हलतच नाहीयेत. थर्मामीटर ३२ दाखवतोय. मोबाईल ३१ टक्के. काय करू?

ऐरोलीवाला | रात्री ११:५३

आधी टँकवरचं झाकण पूर्ण काढा, लाईटचं हूड असेल तर तेही. मोठा तांब्या घ्या, टँकमधलंच पाणी काढा आणि हातभर उंचीवरून परत टँकमध्येच ओता, एका जागी बारीक धार नको, पसरून पडू द्या. पाच मिनिटं सलग करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, परत करा. आपल्याला वाटतं बुडबुड्यांमुळे ऑक्सिजन मिळतो, पण खरं काम पाण्याचा वरचा थर हलण्याने होतं, वरचं खाली आणि खालचं वर गेलं की हवा पाण्यात मिसळते. पाणी ३२ ला असलं की त्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, ३० ला लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तोच २० डिग्रीला नऊच्या वर असतो. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात मासे आधीच काठावर असतात.

संध्याकाळी खायला घातलंय का?

कोलशेतची_शर्वरी | रात्री ११:५५

हो, सात वाजता. आईने नेहमीसारखं घातलं, आम्हाला वाटलं लाईट येईलच अर्ध्या तासात. तांब्या सुरू केलाय, आई टॉर्च धरून उभी आहे.

ऐरोलीवाला | रात्री ११:५८

असू दे, झालं ते झालं. तळाला उरलेले दाणे दिसत असतील तर जाळीने काढा, ते कुजायलाही ऑक्सिजनच लागतो. आता लाईट येऊन एक दिवस होईपर्यंत काही घालू नका. एवढा ऑस्कर आठवडाभर उपाशी राहू शकतो, त्याची काळजी नको.

नेरूळचा_समीर | रात्री १२:०४

ताई फ्रीजरमध्ये बर्फ असेल तर टाका ना टँकमध्ये, पाणी गार झालं की ऑक्सिजन जास्त राहील.

पाणवनस्पती | रात्री १२:०७

समीर, बर्फ थेट नको. अडीचशे लिटरला दोन ट्रे बर्फाने फरक पडणार नाही, आणि जास्त टाकला तर एकदम पाच-सहा डिग्री उतरेल, तो झटका माशाला गरम पाण्यापेक्षा वाईट. फ्रीजरमध्ये गोठलेली पाण्याची बाटली असेल तर झाकण घट्ट लावून तशीच तरंगू द्या, एका वेळी एकच. तासाभरात एक डिग्री उतरलं तरी पुष्कळ. ३० पर्यंत आलं की थांबा.

शर्वरीताई, टँकमध्ये झाडं आहेत का, आणि त्यांना सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, देता का?

कोलशेतची_शर्वरी | रात्री १२:१०

झाडं नाहीत, ऑस्कर सगळी उपटतो. एक लाकडाचा ओंडका आहे फक्त. बाटली आहे एक गोठलेली, सोडली.

पाणवनस्पती | रात्री १२:१२

मग बरं. हे विचारलं कारण मी खारघरला असताना यातच मार खाल्लाय, उद्या सविस्तर लिहिते. आत्ता तांब्या.

ऐरोलीवाला | रात्री १२:१९

आणखी एक, आत्ताच्या आत्ता करा, विसराल नंतर. कॅनिस्टरचा प्लग बोर्डातून काढून ठेवा. एअर पंपचा राहू दे. पहाटे तुम्ही झोपेत असताना लाईट आली आणि कॅनिस्टर आपोआप सुरू झाला तर रात्रभर वाचवलेले मासे सकाळी जातील. का ते सांगतो, आधी प्लग काढा.

कोलशेतची_शर्वरी | रात्री १२:२१

काढला.

ऐरोलीवाला | रात्री १२:३४

आता सांगतो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार होता, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आठवत असेल सगळ्यांना. कळवा-पडघ्याच्या ४०० केव्ही लाईनवरून सुरुवात झाली होती. आमच्या बिल्डिंगला लाईट यायला संध्याकाळ झाली. मी घरूनच काम करत होतो, लॅपटॉप बंद, नेट बंद, म्हणून दिवसभर टँकपाशीच बसलो होतो, असंच पाणी ढवळत. एकही मासा गेला नाही. लाईट आली, कॅनिस्टर घुर्र करून सुरू झाला, मी खूश, खाली जाऊन भाजी घेऊन आलो. येईपर्यंत पाण्याला पिवळट झाक आलेली आणि रात्री अकराच्या आत सहाच्या सहा एंजल मासे गेले.

झालं काय होतं तर कॅनिस्टर हा बंद डबा असतो. आतल्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर जे बॅक्टेरिया बसलेले असतात ते अमोनिया खातात, पण त्यांना वाहतं, ऑक्सिजनवालं पाणी लागतं. पाणी थांबलं की डब्यातला ऑक्सिजन ते स्वतःच संपवतात, मग मरायला लागतात, आतली घाण सडते, अमोनिया साचतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. लाईट आली की तो सगळा काढा पंप एका झटक्यात टँकमध्ये ओततो. एंजलना लाईट जाण्याने काही झालं नव्हतं. लाईट येण्याने झालं, आणि मी समोर होतो.

म्हणून कॅनिस्टर तास-दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर उघडून धुतल्याशिवाय सुरू करायचा नाही.

खारेगावकर | रात्री १२:४१

शर्वरी, घरात साठवलेलं पाणी आहे का? नळाचं आत्ताचं नको, काल-परवा भरून ठेवलेलं.

कोलशेतची_शर्वरी | रात्री १२:४३

काका आहे. आमच्याकडे टँकरचा भरवसा नसतो म्हणून बाल्कनीत दोन ड्रम कायम भरलेले असतात, परवा भरलेत. सोसायटीचा पंप बंद आहे, वरच्या टाकीतलं पाणी आता करंगळीएवढं येतंय.

खारेगावकर | रात्री १२:५२

मग तुझं निम्मं काम झालं. टँकमधून पन्नासेक लिटर काढ, तळाजवळून, घाण जिथे बसते तिथून, आणि ड्रममधलं तेवढंच हळूहळू वरून ओत. ओतण्यानेच हवा मिसळेल, आणि साचलेला अमोनियाही कमी होईल. ड्रम झाकलेला असेल तर त्यातलं पाणी आधी दोन बादल्यांमधून चार वेळा वरखाली कर. अँटीक्लोरीनची बाटली असेल तर थेंब टाक, दोन दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बहुतेक उडालेला असतो पण थेंब टाकल्याने नुकसान काही नाही.

हात दुखायला लागले असतील. माणसं वाटून घ्या, एकटीने करू नकोस.

२६ जुलै २००५ ला आमच्याकडे दोन दिवस लाईट नव्हती. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो पाऊस. तेव्हा माझ्याकडे तीन टँक होते आणि पॉवर बँक वगैरे काही नव्हतं. थोरल्या मुलाने सुचवलं म्हणून स्कूटरची जुनी ट्यूब काढली, पायाच्या पंपाने फुगवली, वॉल्व्हमधली पिन सैल केली, त्यावर एअर पंपाची नळी घट्ट बसवली, आणि नळीला सलाइनच्या बाटलीला असते ती चिमटी लावली. चिमटी जरा ढिली केली की नळीच्या टोकाच्या सच्छिद्र दगडातून बारीक बुडबुडे. एक ट्यूब पाऊण तास पुरायची. दोन ट्यूब होत्या, एक सुरू असताना दुसरी भरायची. बायको, दोन्ही मुलं आणि मी, पाळ्या लावल्या होत्या, घड्याळ मेणबत्तीपाशी ठेवलेलं. तिन्ही टँकमधले मिळून दोन गप्पी गेले, बाकी सगळे राहिले.

मध्यरात्रीचा_चहा | रात्री १२:५८

माझ्याकडे मासे नाहीत पण धागा वाचतोय. शर्वरीताई, मासे कसे आहेत?

ढोकाळीकर | रात्री १:०१

शर्वरी, मी ढोकाळीला आहे, आमच्याकडे अकरालाच लाईट आली. माझ्याकडे सेलवर चालणारा पंप आहे, दोन मोठे सेल लागतात, सेलसकट आहे, दगड आणि नळी पण आहे. मी आणि बायको आत्ता स्कूटरवरून आणून देतो. मेसेजमध्ये सोसायटीचं नाव आणि विंग टाका, वॉचमनला सांगून ठेवा.

कोलशेतची_शर्वरी | रात्री १:०४

टाकला. काय बोलू कळत नाहीये. चौथा मजला आहे, लिफ्ट चालू आहे.

कोलशेतची_शर्वरी | पहाटे ३:२६

उशिरा लिहितेय, मोबाईल बंद पडला होता, शेजारच्यांच्या पॉवर बँकवर लावलाय.

ढोकाळीकर दोघं पावणेदोनला आले. पंप लावला आणि दगड ऑस्करच्या बाजूच्या कोपऱ्यात सोडला. दहा-बारा मिनिटं काहीच फरक नाही, मग तो हळूच त्या बुडबुड्यांखाली जाऊन उभा राहिला, तोंड वर न काढता. मी काचेला गाल लावून त्याच्या कल्ल्यांकडे बघत होते. साडेबाराला मिनिटाला शंभरच्या वर उघडझाप होत होती, आईने घड्याळ लावून मोजलेलं, आता सत्तरच्या आसपास आलीय. पाणी ५० लिटर बदललं. थर्मामीटर ३०.५.

एक सिल्व्हर डॉलर गेला. ओंडक्याच्या मागे अडकलेला होता, आम्हाला वाटलं तिथे जाऊन बसलाय. टॉर्च मारला तेव्हा कळलं. लगेच बाहेर काढला.

आई अजून उठत नाहीये तिथून. ऑस्कर तिचाच आहे खरं तर. बाबा गेले त्या वर्षी आणला होता, तेव्हा बोटाएवढा होता. ती सकाळी देवाची पूजा झाली की त्याच्याशी बोलते आणि तो तिच्या हाताच्या मागे काचेवरून फिरतो.

खारेगावकर | पहाटे ३:३१

आईला सांग, मासा खाली उतरून कल्ले शांत झाले म्हणजे तो सावरतोय. आता एकाने जागं राहा, दुसरीने झोपा. पंप सुरू असला तरी अर्ध्या तासाने एकदा तांब्याने पाणी हलवा, अडीचशे लिटरला तो छोटा पंप पुरा पडत नाही.

कोलशेतची_शर्वरी | सकाळी ६:४०

सहा दहाला लाईट आली!! एअर पंप सुरू झाला. कॅनिस्टरला हात लावलेला नाही. ऑस्कर मध्यावर आहे, सकर काचेला चिकटलाय, सिल्व्हर डॉलर फिरतोय. आता कॅनिस्टरचं नेमकं काय करू?

ऐरोलीवाला | सकाळी ६:४६

नळ्यांचे दोन्ही कॉक बंद करा, डबा बाथरूममध्ये न्या, तिथे उघडा. आतलं पाणी सगळं ओतून द्या, एक थेंब टँकमध्ये जाऊ देऊ नका. नळ्यांमध्येही तेच पाणी असतं, त्याही सोडवून बादलीत रिकाम्या करा. मग टँकमधलं पाणी बादलीत काढून त्यात स्पंज पिळा, रिंगा त्यातच हलक्या हाताने खळखळून घ्या. नळाखाली धरू नका, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले बॅक्टेरियाही मरतात. गरम पाणी, साबण, काही नाही. रिंगा चकचकीत झाल्याच पाहिजेत असं नाही.

कोलशेतची_शर्वरी | सकाळी ७:५५

झालं. झाकणाची क्लिप उघडली आणि सडक्या अंड्याचा वास आला, बाथरूमचा दरवाजा लावून घ्यावा लागला. पाणी काळपट, चहाच्या गाळासारखं. रात्रीच प्लग काढून ठेवला नसता तर हे सगळं टँकमध्ये गेलं असतं. दोन बादल्या टँकच्या पाण्यात सगळं खळखळून परत लावलाय.

टेस्ट किट आहे माझ्याकडे. अमोनिया ०.५, नायट्राइट शून्य. पीएच ७.६.

वाशीकर_मीरा | सकाळी ९:१२

आत्ता सगळं वाचलं. शर्वरी, आता पुढचे आठ-दहा दिवस रोज टेस्ट. बॅक्टेरिया अर्धे गेले असतील, टँक परत नव्यासारखा सायकल होणार, म्हणजे बॅक्टेरिया पुन्हा पहिल्यापासून बसणार. आधी अमोनिया चढेल, मग त्यापासून होणारं नायट्राइट. रोज २५ टक्के पाणी बदल, आणि खाणं दोन दिवसांनी, तेही नेहमीच्या चौथाईच.

पीएच वाढवणारं काही आत्ता टाकू नकोस. तोच अमोनिया पीएच ७ ला असला तर त्यातला विषारी भाग अगदी थोडा असतो, ८ ला गेला की तो जवळपास दसपट होतो. ठाण्यात टँकरमधून बोअरचं पाणी येतं ते जड असतं, त्याचा पीएच वर असू शकतो, म्हणून बदलायचं पाणीही एकदा तपासून घे.

नेरूळचा_समीर | सकाळी ९:३०

आमचे काका म्हणतात मासे वर आले की मीठ टाकायचं. ते बरोबर आहे का?

वाशीकर_मीरा | सकाळी ९:४१

मिठाने ऑक्सिजन वाढत नाही, त्यामुळे काल रात्री त्याचा उपयोग नव्हता. पण काकांचं अगदीच चूक नाही. नायट्राइट वाढलं की ते कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांपाशी अडवतो. म्हणून नायट्राइट दिसलं तर लिटरला एक ग्रॅम साधं खडे मीठ, पाण्यात विरघळवून, दोन-तीन वेळात. झाडं किंवा कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) असतील तर नाही. ऑस्करला चालतं.

पाणवनस्पती | सकाळी ११:२०

माझं राहिलेलं लिहिते. खारघरला अडीच फुटी झाडांचा टँक होता, सीओटू बाटलीतला, सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचा. सिलिंडरला बऱ्याचदा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असतो, लाईट गेली की तो आपोआप बंद होतो. घरी बनवलेल्या बाटलीला तो मी लावलेला नव्हता. रात्री नऊला लाईट गेली, फिल्टर थांबला, पाण्याचा वरचा थर स्थिर झाला आणि बाटली मात्र बुडबुडे सोडतच राहिली. शिवाय अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात, दिवसासारखा सोडत नाहीत. आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो. आलो तेव्हा बावीस निऑन टेट्रा तळाशी होते.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते, लाईट गेली की सगळ्यात आधी सीओटूचा हाताचा कॉक फिरवा, बाकीचं मग. आणि ज्यांना झाडांनी मासे आपोआप वाचतात असं वाटतं त्यांनी रात्रीचा हिशोब लक्षात ठेवावा.

घणसोली_५ | दुपारी १२:०५

एअर पंपच्या नळीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा हो सगळ्यांनी. दहा-वीस रुपयांची वस्तू. पंप टँकच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असला आणि लाईट गेली तर नळीतून पाणी उलटं येतं, सायफन लागतो. आमच्याकडे पंप खालच्या कप्प्यात एक्स्टेन्शन बोर्डाशेजारी होता. पहाटे पायाला ओलं लागलं म्हणून जाग आली, टँक चार बोटं खाली गेलेला आणि बोर्डात पाणी. लाईट तेव्हा नव्हतीच म्हणून वाचलो, धाकटी तिथेच खाली गादीवर झोपली होती. बोर्ड आता भिंतीवर उंच आहे आणि प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जाते, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली टपकतं.

रंगीत_मासे | दुपारी १:१५

माझं ठाण्यात छोटं दुकान आहे, नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. रोज लोक लाईट गेल्यावर धावत येतात आणि महागडा पंप मागतात, त्यांना मी जे सांगतो तेच इथे.

पहिलं, यूएसबीवर चालणारा छोटा पंप घ्या. दीड वॉटच्या आसपास खातो, १०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर रात्रभर आरामात चालतो. पण घेतल्यावर एकदा घरी चालवून बघा. बऱ्याच पॉवर बँकना वाटतं की इतका कमी करंट म्हणजे फोन चार्ज झाला, आणि त्या पाच-दहा मिनिटांनी स्वतःच बंद होतात. लोक लावून झोपतात आणि सकाळी माझ्याकडे येतात. तसं होत असेल तर दुसऱ्या पोर्टला यूएसबीचा छोटा दिवा लावा, लोड वाढला की बंद होत नाही.

दुसरं, बॅटरी आत असलेला पंप येतो, कायम बोर्डाला लावून ठेवायचा, लाईट गेली की आपोआप बॅटरीवर जातो. नोकरीवाल्यांना हाच बरा, दुपारी दोनला लाईट गेली तर घरी कोण असतं. फक्त दर महिन्याला प्लग काढून बघा खरंच चालतो का, बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत झोपतात.

तिसरं, आणि हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे पण सांगतो. मासे कमी ठेवा. दोन फुटी टँकमध्ये, म्हणजे पंचावन्न लिटरमध्ये, लोक आठ-दहा गोल्डफिश ठेवतात. फिल्टर आणि पंप सुरू असेपर्यंत ते दिसायला छान दिसतं, पण तो टँक मशीनवर श्वास घेत असतो. लाईट गेली की तासाभरात सगळे वर. त्याच टँकमध्ये दोनच असतील तर पाच-सहा तास काही न करताही निभावतात. गोल्डफिशला ऑक्सिजन जास्त लागतो. फायटर, गुरामी यांना वर येऊन थेट हवा घेता येते, त्यांना लाईट जाण्याचं फारसं काही वाटत नाही, त्यांचं झाकण आणि पाणी यात दोन बोटं जागा मात्र ठेवा.

नेरूळचा_समीर | दुपारी १:३२

दादा, दुकानात ऑक्सिजनच्या गोळ्या मिळतात त्या टाकल्या तर?

रंगीत_मासे | दुपारी १:४०

मी विकतो त्या, प्रवासात मासे नेणाऱ्यांना. त्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि त्याचा ऑक्सिजन होतो. पाण्याचा पीएचही वाढतो. घाबरलेला माणूस एकाऐवजी चार टाकतो, मग कल्ले भाजतात. तांब्या फुकट आहे आणि त्याचा डोस चुकत नाही. अगदीच अडलं तर जवळच्या दुकानात मासे पिशवीत ऑक्सिजन भरून बांधून घ्या, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, अशा पिशवीतच मासे दुसऱ्या गावाहून येतात. दुकानात सिलिंडर असतो.

ढोकाळीकर | संध्याकाळी ७:४५

इन्व्हर्टरवर कोणीच लिहिलं नाही म्हणून. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॉट-तास. कॅनिस्टर २५ वॉट धरा, एअर पंप पाच. एक साधा छताचा पंखा सत्तरच्या आसपास खातो, म्हणजे फिल्टर आणि पंप मिळून अर्ध्या पंख्याएवढेसुद्धा नाहीत. तरी लोक टँक इन्व्हर्टरच्या लाईनवर घेत नाहीत, कारण वायरिंग करताना इलेक्ट्रिशियन पंखे, ट्यूब आणि टीव्ही विचारतो, टँकचं विचारत नाही. आपणच सांगायचं. मी हॉलमधला तो एक पॉइंट बदलून घेतलाय. आणि स्क्वेअर वेव्हवाला जुना इन्व्हर्टर असेल तर फिल्टरची मोटर घुमते आणि तापते, साइन वेव्ह बघून घ्या.

रात्र मोठी वाटली तर पंखे बंद करा, टँक चालू राहू द्या.

शर्वरी, पंप राहू दे तुमच्याकडे आठवडाभर, घाई नाही.

कोलशेतची_शर्वरी | तीन दिवसांनी, रात्री १०:१०

अपडेट. काल अमोनिया १ पर्यंत गेला होता, आज पाणी बदलून ०.५. नायट्राइट दिसायला लागलंय, ०.२५. मीराताईंनी सांगितलं तसं अडीचशे ग्रॅम खडे मीठ तीन वेळात टाकलं. ऑस्करने आज पहिल्यांदा दोन दाणे खाल्ले, एक थुंकला आणि परत घेतला.

उरलेला सिल्व्हर डॉलर एकटाच फिरतो. त्याला जोडीदार आणायचा तर टँक पूर्ण बसल्यावर, आत्ता नाही.

इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. कॅनिस्टरच्या जोडीला एक मोठा स्पंज फिल्टरही लावलाय, एअर पंपवर चालणारा. म्हणजे पुढच्या वेळी सेलवरच्या पंपाला तोच स्पंज जोडता येईल, हवाही मिळेल आणि थोडे बॅक्टेरियाही जिवंत राहतील. ही आयडिया खारेगावकर काकांची, फोनवर सांगितली त्यांनी.

खारेगावकर | रात्री १०:२५

छान केलंस. स्पंजवर बॅक्टेरिया बसायला महिना-दीड महिना लागेल, तोवर त्याला धुऊ नकोस.

कोलशेतची_शर्वरी | अकराव्या दिवशी, सकाळी ८:०२

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. ढोकाळीकरांचा पंप काल नवीन सेल घालून परत देऊन आले, आईने सोबत पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. आमचा यूएसबीचा पंप आलाय, रात्रभर चालवून बघितला, पॉवर बँक बंद पडली नाही.

कळव्याची_प्राची | जूनमध्ये, रात्री ९:३७

धागा वर काढतेय. कळव्यात पाऊस सुरू झाला आणि आठपासून लाईट नाही. दोन फुटी टँक, चार गोल्डफिश, त्यातला एक वर येतोय. वरचं सगळं वाचलं, तांब्या सुरू केलाय. टॉप फिल्टर आहे, कॅनिस्टर नाही. त्याचाही प्लग काढायचा का?

कोलशेतची_शर्वरी | रात्री ९:३९

काढून ठेव. टॉप फिल्टर उघडा असतो, स्पंजला हवा लागते, त्यामुळे कॅनिस्टरएवढं सडत नाही, पण तो सुकू देऊ नकोस, दर अर्ध्या तासाला टँकचं पाणी त्यावरून ओत, त्याच तांब्याने. खायला घातलंस का आज? झाकण काढलंस? पाणी किती डिग्री आहे? मोबाईल किती टक्के आहे?

कळव्याची_प्राची | रात्री ९:४१

सकाळी घातलं होतं, संध्याकाळचं नाही. झाकण काढलंय. थर्मामीटर नाही. मोबाईल ६४.

कोलशेतची_शर्वरी | रात्री ९:४२

बरं. पंप घेऊन मी निघू शकते, पाऊस जरा कमी झाला की. लोकेशन पाठव.